राज्याची वेस आणि पिस्तुलाचा परवाना

अमेरिकेतल्या शस्त्रहक्काबद्दल मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा एखाद्या शाळेतल्या भीषण गोळीबारानंतर, आणि त्यात हा हक्क असावा की नसावा एवढ्याचाच खल असतो. हा प्रश्न लहान नाही. पण त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर देऊन टाकले आहे. स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणे हा सामान्य नागरिकाचा घटनादत्त हक्क असल्याचे २००८ साली ठरले, आणि २३ जून २०२२ रोजी ब्रुएन खटल्याच्या निकालाने तो हक्क घराच्या उंबऱ्याबाहेरही मान्य झाला. निकाल कुणाला रुचो वा न रुचो, आज तो कायदा आहे. त्यानंतर उभा राहिलेला प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही: घटनेने दिलेला हा हक्क एका राज्याची हद्द ओलांडून दुसऱ्या राज्यात पाऊल टाकताच कुठे जातो?

आज त्याचे उत्तर राज्यागणिक बदलते. व्हरमाँटमध्ये पिस्तूल कपड्याखाली ठेवून फिरायला कधीच परवाना लागला नाही, त्यामुळे ते राज्य असा परवाना देतही नाही. एकूण २९ राज्यांमध्ये आता परवान्याची सक्ती उरलेली नाही. बाकीच्या राज्यांत परवाना लागतो, आणि त्यांतली काही राज्ये इतर राज्यांचे परवाने मानतात, काही निवडक राज्यांचेच मानतात, तर न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया यांच्यासारखी राज्ये कुणाचाच मानत नाहीत. या गुंत्यातून वाट काढण्यासाठी अनिवासी परवाना नावाची सोय निर्माण झाली. आपण ज्या राज्यात राहत नाही त्या राज्याचा परवाना काढायचा, आणि तो आणखी ज्या ज्या राज्यांत मानला जातो तिथे त्याच्या बळावर फिरायचे. नेमाने प्रवास करणारे लोक यूटा, फ्लोरिडा, ॲरिझोना, न्यू हॅम्पशायर यांचे परवाने एकाला एक जोडत जातात आणि कोणता परवाना कुठे चालतो याचे नकाशे जवळ बाळगतात.

माझे म्हणणे असे आहे की ही व्यवस्था हक्काचेही रक्षण करत नाही आणि सुरक्षिततेचेही. राज्याला आपल्या रस्त्यांवर शस्त्र घेऊन फिरणाऱ्या माणसाची परीक्षा घेण्याचा पूर्ण अधिकार असला पाहिजे. मात्र तो कुठे राहतो एवढ्यावरून त्याला परीक्षेलाच बसू न देण्याचा अधिकार असता कामा नये. त्याच न्यायाने, एका राज्याने घेतलेली परीक्षा दुसऱ्या राज्यावर लादण्याचा अधिकार वॉशिंग्टनमधल्या काँग्रेसलाही असू नये. यातला एकच अर्धा भाग उचलून धरणारे लोक दोन्ही पक्षांत भरपूर आहेत.

डेलावेअर नदीच्या दोन काठांवर हा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो. पश्चिमेला पेनसिल्व्हेनिया आहे. तिथे काउंटीच्या शेरीफकडे अर्ज आणि २० डॉलर दिले, पार्श्वभूमीची तपासणी पार पडली, की पाच वर्षांचा परवाना मिळतो. प्रशिक्षणाची अट नाही; आयुष्यात एकदाही गोळी न झाडलेल्या माणसालाही तो मिळू शकतो. पूल ओलांडून न्यू जर्सीत आले की प्रत्यक्ष गोळीबाराची चाचणी द्यावी लागते, आणि त्या राज्याचा स्वतःचा परवाना नसेल तर पिस्तूल जवळ बाळगणे हा गंभीर गुन्हा ठरतो. त्याला पाच ते दहा वर्षांची शिक्षा आहे, आणि त्यातले किमान ४२ महिने पॅरोलविना भोगावे लागतात.

२०१३ सालच्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई गाडीने न्यू जर्सीत आली. तिच्यावर लहान मुलांची एकटीने जबाबदारी होती. वाहतूक पोलिसाने गाडी थांबवली तेव्हा, आपल्याजवळ पिस्तूल आहे आणि पेनसिल्व्हेनियाचा परवानाही आहे, हे तिने स्वतःहून सांगितले. हा परवाना पलीकडच्या काठावर चालत नाही याची तिला कल्पना नव्हती. तिच्या प्रामाणिकपणाचेच आरोपपत्र झाले आणि साडेतीन वर्षांचा तुरुंगवास समोर उभा राहिला. बराच गदारोळ झाल्यावर, सप्टेंबर २०१४ मध्ये, परराज्यातून आलेल्या आणि अजाणतेपणी चूक केलेल्या अशा लोकांना शक्यतो तुरुंगात पाठवू नये, अशी सूचना राज्याच्या महाधिवक्त्यांनी सरकारी वकिलांना केली. पुढे एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली.

हा प्रसंग सांगून बंदूकवादी म्हणतात की न्यू जर्सीचा कायदा रद्द करा. मला तसे वाटत नाही. न्यू जर्सीने चाचणी मागणे अगदी रास्त आहे. गर्दीच्या राज्यात भरलेले पिस्तूल कमरेला लावून फिरणाऱ्या माणसाला नेम धरता यावा, गोळी कधी झाडायची नाही हे त्याला कळावे, ही अपेक्षा जाचक म्हणता येणार नाही. अन्याय होता तो दोन ठिकाणी. अजाण प्रवाशाला आणि सराईत गुन्हेगाराला कायद्याने एकाच मापाने मोजले, हा पहिला. दुसरा असा की, त्या काळी तिने रीतसर अर्ज केला असता तरी तो मंजूर होण्याची शक्यता नसल्यातच जमा होती, कारण ब्रुएनच्या आधी न्यू जर्सी स्वतःच्या रहिवाशांनाही हा परवाना क्वचितच देत असे.

आता उलट बाजू पाहू. यूटाच्या परवान्याची शिकवणी देशभर चालते, कारण यूटाने मान्यता दिलेले प्रशिक्षक अनेक राज्यांत आहेत. शनिवारी एखाद्या हॉटेलच्या सभागृहात किंवा बंदुकांच्या दुकानामागच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या असतात. काही तास पिस्तुलाची हाताळणी, ते सुरक्षित कसे ठेवावे, बळाचा वापर कायद्याने कधी क्षम्य ठरतो, यांवर व्याख्यान होते. मग दहाही बोटांचे ठसे एका कार्डावर उमटवायचे, पासपोर्टच्या मापाचा फोटो जोडायचा, फी भरायची, आणि सगळे पाकिटात घालून यूटाला धाडायचे. गोळी झाडून दाखवण्याची अट नाही. ज्या राज्याचा परवाना घ्यायचा त्याची माती पायाला लागण्याचीही गरज नाही. वर्गातले बरेचसे लोक सरळमार्गी असतात, हे मी मानतो. पण ज्या राज्याला अर्जदाराच्या गावाची, त्याच्या शेजाऱ्यांची, तिथल्या पोलिसांच्या नोंदींची काहीच माहिती नाही, त्या राज्याने दिलेला कागद तिसऱ्याच राज्यात प्रमाण मानायचा, हे कोणत्या तर्कात बसते?

यातला धोका काल्पनिक नाही. ज्यांचा अर्ज शहराने फेटाळला किंवा ज्यांचा परवाना रद्द केला ते लोक फ्लोरिडाचा अनिवासी परवाना टपालाने मागवतात आणि त्याच शहरात पुन्हा पिस्तूल घेऊन फिरतात, अशी फिलाडेल्फियाच्या पोलिसांची कित्येक वर्षे तक्रार होती. स्थानिक पोलिसांनी विचारपूर्वक बंद केलेले दार दीड हजार किलोमीटरवरचे एक सरकारी खाते उघडून देत होते. फ्लोरिडात हे काम कृषी आणि ग्राहक सेवा खात्याकडे आहे. अखेर २०१३ साली पेनसिल्व्हेनियाने फ्लोरिडाशी असलेला करार बदलला आणि फ्लोरिडाच्या रहिवाशांचेच परवाने मान्य करायला सुरुवात केली. गोळीबाराची अट नाही म्हणून नेवाडानेही एकेकाळी यूटाचा परवाना मानणे सोडले होते. यूटानेही आपली बाजू थोडी सावरली. स्वतःचे राज्य यूटाचा परवाना मानत असेल तर अनिवासी अर्जदाराने आधी त्या राज्याचा परवाना काढलेला असला पाहिजे, अशी अट २०११ पासून तिथे आहे.

जिथे परवाना लागतच नाही त्या २९ राज्यांत तरी हा प्रश्न मिटला असेल, असे वाटू शकते. तसे नाही. शाळेच्या हद्दीपासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगण्याला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. हा कायदा १९९० चा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो रद्द केल्यावर काँग्रेसने १९९६ मध्ये दुरुस्ती करून तो पुन्हा आणला. शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने परवाना दिलेल्या माणसाला या बंदीतून सूट आहे. दुसऱ्या राज्याचा आणि इथे नुसता मान्य केलेला परवाना, कायद्याचे शब्द पाहता, पुरत नाही. १,००० फूट म्हणजे साधारण ३०० मीटर. गावातून जाणारा कोणताही हमरस्ता कुठल्या ना कुठल्या शाळेपासून तेवढ्या अंतरात येतोच. म्हणजे राज्याच्या दृष्टीने निर्दोष असलेला प्रवासी सिग्नलला थांबल्या थांबल्या संघराज्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरू शकतो. असे खटले सहसा भरले जात नाहीत, हे खरे. पण जो कायदा बहुतेकांवर लावायचा नाही आणि ज्याच्यावर मनात येईल त्याच्यावर लावता येतो, तो नागरिकाच्या डोक्यावर टांगून ठेवणे सुसंस्कृत राज्यव्यवस्थेला शोभत नाही.

प्रवाशासाठी काँग्रेसने १९८६ साली एक संरक्षण दिले होते. बंदूक रिकामी असेल, प्रवासात हाताशी येणार नाही अशी कुलूपबंद असेल, आणि जिथून निघालो व जिथे पोहोचायचे त्या दोन्ही ठिकाणी ती बाळगणे कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांना त्या प्रवाशावर कारवाई करता येत नाही. कागदावर हे पुरेसे वाटते. २००५ साली यूटाचा एक रहिवासी विमानाने पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. पिस्तूल त्याने नियमाप्रमाणे जाहीर करून सामानात दिले होते. न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला त्याचे पुढचे विमान चुकले, बॅग त्याच्या हाती आली, आणि ती घेऊन त्याने जवळच्या हॉटेलात रात्र काढली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्याने पुन्हा नियमाप्रमाणे पिस्तूल जाहीर केले, आणि त्याला अटक झाली. खटला पुढे मागे घेतला गेला, पण तोवर तो काही दिवस कोठडीत राहिला होता. त्याने नुकसानभरपाईसाठी दावा लावला तेव्हा संघराज्याच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिला की, हॉटेलातल्या त्या रात्री पिस्तूल त्याच्या हाताशी होते, म्हणून १९८६ च्या कायद्याचे संरक्षण त्याला लागू होत नाही. बॅग ताब्यात घेण्याआधी तो पोलिसांची मदत मागू शकला असता, असे न्यायालयाने सुचवले. कायद्याच्या शब्दांचा तो अर्थ निघतो, हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते की ज्या कायद्यात चुकलेल्या विमानाला जागा नाही तो प्रवाशासाठी केलेला कायदाच नव्हे.

अशा अनुभवांमुळे देशभर एकच मान्यता असावी, ही मागणी जोर धरते. सिनेटमध्ये २००९ साली या मागणीला ५८ मते पडली, २०१३ साली ५७. दोन्ही वेळा प्रस्ताव पुढे जाण्यासाठी लागणारा ६० मतांचा आकडा गाठता आला नाही. प्रतिनिधिगृहाने डिसेंबर २०१७ मध्ये २३१ विरुद्ध १९८ मतांनी तसे विधेयक संमत केले, पण सिनेटने ते हाती घेतले नाही. नॉर्थ कॅरोलिनाचे रिचर्ड हडसन यांनी २०२५ मध्ये ते पुन्हा आणले. वाहन चालवण्याचा परवाना एका राज्यातला दुसऱ्या राज्यात चालतो, मग हा का नको, असा त्याच्या समर्थकांचा नेहमीचा सवाल असतो. पण वाहन परवान्याची परस्परमान्यता कोणी वरून लादलेली नाही. प्रत्येक राज्यात चाचणी द्यावी लागते, चाचण्या साधारण सारख्या असतात, आणि निलंबित परवान्यांची माहिती राज्ये एकमेकांना देतात, म्हणून ती टिकली आहे. हडसन यांच्या विधेयकात यातले काहीच नाही. ज्याच्या राज्यात परवानाच लागत नाही असा माणूसही नुसते ओळखपत्र दाखवून मॅनहॅटनमध्ये पिस्तूल बाळगू शकेल, आणि त्याच रस्त्यावरच्या न्यूयॉर्ककराला मात्र १६ तासांचा वर्ग आणि दोन तासांचा गोळीबार पुरा करावा लागेल. स्वतःच्या रहिवाशापेक्षा परक्याला जास्त सवलत देणारी ही समानता आहे, आणि तिच्यापुढे कोणतेही राज्य आपली अट फार काळ टिकवू शकणार नाही.

देशभर चालणारा शस्त्राचा अधिकार काँग्रेसने एकदा दिलेला आहे, हे या वादात फारसे कुणी आठवत नाही. २००४ सालच्या कायद्याने पोलिसांना सुट्टीवर असताना आणि निवृत्त पोलिसांनाही कोणत्याही राज्यात पिस्तूल बाळगण्याची मुभा मिळाली. पण निवृत्त पोलिसाने, मग त्याची नोकरी तीस वर्षे झालेली का असेना, दरवर्षी गोळीबाराची चाचणी पार केल्याचा दाखला जवळ ठेवला पाहिजे, अशी अट त्यात आहे. आयुष्यभर शस्त्र हाताळलेल्या माणसाकडून जी चाचणी आपण मागतो ती इतर कोणाकडूनही मागू नये, असे म्हणणाऱ्यांनी या विसंगतीचे उत्तर दिले पाहिजे.

दारे बंद ठेवणाऱ्या राज्यांची बाजूही मी हलकी लेखत नाही. इलिनॉयने ती सर्वांत नीट मांडली आहे. ते राज्य आपल्या परवानाधारकांच्या गुन्हेगारी आणि मानसिक आरोग्याच्या नोंदी सतत तपासत राहते. परराज्यातल्या माणसाच्या नोंदी त्याला तशा मिळत नाहीत. म्हणून ज्या मोजक्या राज्यांचे कायदे आपल्यासारखे आहेत तिथल्याच रहिवाशांचे अर्ज ते स्वीकारते. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने हे धोरण उचलून धरले. नोंदींची अडचण खरी आहे. तरीही परिणाम पाहा: शिकागोच्या वेशीवर, इंडियानाच्या हॅमंडमध्ये राहून रोज शिकागोत नोकरीला जाणारा माणूस कितीही प्रशिक्षण घेवो, कितीही कागदपत्रे आणो, त्याला अर्जच करता येत नाही. स्वतःच्या राज्यात परवानगी असेल तर पिस्तूल गाडीत ठेवण्याची मुभा त्याला आहे. ते अंगावर घेऊन गाडीबाहेर पडण्याची नाही. नोंदी मिळत नाहीत तर त्या आणून देण्याचा भार अर्जदारावर टाका, परवान्याची मुदत कमी करा, दरवर्षी नवा दाखला मागा. माणूस इंडियानाचा आहे एवढ्यावरून तो धोकादायक ठरत नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये एकाच दिवशी दिलेले दोन निकाल मला म्हणूनच महत्त्वाचे वाटतात. दोन्ही खटल्यांतले आरोपी शेजारच्या न्यू हॅम्पशायरचे होते आणि दोघांकडचे पिस्तूल वाहन अपघातानंतर पोलिसांना सापडले होते. जुन्या कायद्यात अनिवासी माणसाला परवाना द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. तो कायदा न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. ब्रुएननंतर सुधारलेल्या कायद्यात, अपात्र ठरवण्याचे कारण नसेल तर परवाना द्यावाच लागतो. तो न्यायालयाने वैध ठरवला आणि बाहेरच्याने इथे येण्यापूर्वी इथला परवाना घ्यावा ही अपेक्षा मान्य केली. मर्जी गेली आणि परीक्षा राहिली. न्यूयॉर्क शहराने २०२४ मध्ये बाहेरच्यांचे अर्ज घ्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातही न्यायालयाच्या आदेशानंतर तशी वाट उघडू लागली आहे. ही राज्ये नाइलाजाने का होईना, योग्य दिशेला वळली आहेत.

बंदुका अधिक लोकांच्या कमरेला आल्या की गुन्हे घटतात की वाढतात, हा वाद मी बाजूला ठेवला आहे, पण टाळलेला नाही. गुन्हे घटतात, असे अर्थतज्ज्ञ जॉन लॉट यांनी १९९० च्या दशकात मांडले; २००४ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने उपलब्ध पुराव्यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही असे सांगितले; पुढे जॉन डोनाह्यू यांच्या अभ्यासातून हिंसक गुन्हे वाढतात असे दिसले. मला नंतरचे काम अधिक भक्कम वाटते, आणि परीक्षेची अट सोडू नये असे मी म्हणतो त्याचे एक कारण तेच आहे.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना हा विषय परका वाटत असेल, तर तो तसा राहिलेला नाही. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगायलाच संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. मित्राचे पिस्तूल नेमबाजीच्या रेंजवर सहज हातात घेणेही अंगाशी येऊ शकते. ग्रीन कार्ड मिळाले की ही बंदी उठते. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहून फिलाडेल्फियात दुकान सांभाळणाऱ्या माणसाने रात्रीची रोकड नेताना पिस्तूल जवळ ठेवायचे ठरवले, तर रोज दोन राज्यांचे कायदे त्याला लागू होतात. न्यू जर्सीत दहाहून अधिक गोळ्यांचे मॅगझिन बेकायदेशीर आहे, पेनसिल्व्हेनियात नाही, आणि पिस्तुलासोबत मिळालेले मॅगझिन किती गोळ्यांचे आहे हे पाहणे त्याच्याकडून सहज राहून जाऊ शकते.

पन्नास राज्यांची पन्नास दारे उघडली तरी प्रवाशाने पन्नास अर्ज करायचे का, हा आक्षेप शेवटी उरतो, आणि तो योग्य आहे. त्यावर उपाय शेजारी राज्यांनी आपसांत काढावा. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर आणि न्यूयॉर्क यांनी गोळीबाराची एक सामाईक चाचणी ठरवावी आणि रद्द झालेल्या परवान्यांची यादी रोजच्या रोज एकमेकांना द्यावी; पेनसिल्व्हेनियाच्या ज्या रहिवाशाला नदीपलीकडे जायचे असेल त्याने २० डॉलरच्या परवान्यावर ही चाचणी जोडून घ्यावी, ज्याला जायचे नसेल त्याने घेऊ नये. अनिवासी अर्जावर ठरावीक मुदतीत लेखी निर्णय देणे आणि नकार दिल्यास कारण नोंदवणे प्रत्येक राज्याला बंधनकारक असावे. काँग्रेसने आपल्या वाट्याला दोनच कामे घ्यावीत: १९८६ च्या कायद्यात प्रवासातल्या अटळ मुक्कामाचा स्पष्ट उल्लेख करणे, आणि शाळांच्या परिसराविषयीच्या कायद्यात, ते राज्य ज्यांचा परवाना मान्य करते अशा परराज्यातल्या परवानाधारकांनाही स्थानिक परवानाधारकांइतकीच सूट देणे. दोन्हींसाठी काही ओळींची दुरुस्ती पुरेल, आणि त्यासाठी कोणत्याही राज्याला आपली परीक्षा सोडावी लागणार नाही.